वाटणीतला लेथ

भाजी आणायला गेलेल्या सिस्टर पिशवीत व्हाइस घेऊन परत आल्या, तेव्हा प्रूफवाल्यांनी वर्तमानपत्रातून मान वर करून एवढंच विचारलं, “आज कशाची भाजी?”

“आज पिठलं,” असं काहीतरी सांगून सिस्टरांनी वेळ मारून नेली असती, पण त्यांना खोटं बोलायची सवय नव्हती. त्यांनी तो वस्तू आवळून धरायचा लोखंडी जबडा टेबलावर ठेवला, दांडा फिरवून उघडमीट करून दाखवला आणि म्हणाल्या, “भाजी राहिलीच.”

सिस्टर म्हणजे ऑपरेशन थिएटरमधल्या सिस्टर. नोकरीची सगळी वर्षं सर्जनच्या उजव्या हाताला उभं राहण्यात गेली, त्यामुळे गल्लीत त्यांना दुसऱ्या नावाने कोणी हाक मारत नसे. घरात नवराही सिस्टरच म्हणायचा. तो छापखान्यात मुद्रितं तपासायचा, म्हणून गल्लीच्या लेखी तो प्रूफवाले. दोघंही आता निवृत्त. एकुलती एक मुलगी नोकरीच्या निमित्ताने दूर गेलेली. घरात माणसं दोन आणि रिकाम्या दुपारी भरपूर.

सिस्टरांना पोलादाची जाण होती. चांगल्या चिमट्याची बिजागरी बोटांना कशी लागते, कुठल्या कात्रीची पाती एकमेकींना घासतात आणि कुठल्या नुसत्या भेटतात, हे त्यांना न बघता कळायचं. पण ती हत्यारं त्यांनी जन्मभर दुसऱ्याच्या हातात दिली. स्वतः काही कापलं नाही की घडवलं नाही. ही रुखरुख त्यांनी कोणाला बोलून दाखवली नव्हती. निवृत्तीनंतर त्या तडक तांत्रिक शाळेच्या संध्याकाळच्या वर्गात जाऊन बसल्या. तिथल्या मास्तरांना आधी वाटलं, नातवाच्या प्रवेशाची चौकशी करायला आल्यात.

मग घरात एकेक वस्तू येऊ लागली. कानशी आल्या, हातकरवत आली, जुन्या बाजारातून एक मायक्रोमीटर आला. सिस्टर दुकानात रोग्याला तपासावं तशा वस्तू तपासायच्या. गंज वरवरचा आहे की आत मुरलाय, दातांची धार गेली आहे की नुसती घाण साचली आहे, हे अंगठा फिरवून बघायच्या. दुकानदार कंटाळून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले तरी यांचं चालूच. मागची खोली, जिथे प्रूफवाल्यांचे जुने दिवाळी अंक, छत्र्यांचे सांगाडे आणि मुलीची शाळेची पुस्तकं होती, ती हळूहळू मोकळी झाली. शेवटी तिथे एक मजबूत टेबल आणि त्याच्या शेजारी बरीच रिकामी जागा उरली. ती जागा कशासाठी आहे हे प्रूफवाल्यांनी विचारलं नाही. त्यांनी ओळखलं होतं.

धातूचा तुकडा गरगर फिरवून त्याला हवा तसा सोलून काढायचं यंत्र म्हणजे लेथ. तो घेतल्याशिवाय सिस्टरांचं मन स्वस्थ बसणार नव्हतं.

मास्तरांनी लेथवर काम करणाऱ्या एका टर्नरचा पत्ता दिला. कारखान्यांच्या वस्तीत एक लांबलचक पत्र्याची शेड होती आणि तिच्या मधोमध, छपरापर्यंत, विटांची भिंत होती. भिंत पुढून मागेपर्यंत अशी आली होती की एक खिडकी अर्धी इकडे आणि अर्धी तिकडे राहिली होती. अलीकडे तो टर्नर, म्हणजे थोरले भाऊ, काम करत, पलीकडे त्यांचे धाकटे. दोघांची दारं उलट्या दिशांच्या रस्त्यांवर उघडत. भिंतीला अलीकडून गिलावा नव्हता. सिस्टरांची नजर तिथे गेलेली बघून थोरले म्हणाले, “भिंत मी बांधली. गिलावा त्याने करायचा होता.”

थोरले साठीचे, पाठीत जरा वाकलेले, कमी बोलणारे. विकायचा लेथ कोपऱ्यात ताडपत्रीखाली होता. लहानसाच, पण भारदस्त. वडिलांनी घेतलेलं पहिलं यंत्र. त्यावरच धंदा उभा राहिला, असं त्यांनी सांगितलं. आता मोठी यंत्रं आली होती, हा नुसता जागा अडवत होता.

सिस्टरांनी बेडवरून, म्हणजे त्याच्या लांब सपाट पाठीवरून, बोटं फिरवली. सरकणारा भाग पुढेमागे नेऊन पाहिला. तो अडखळला नाही. मग त्यांनी तोंडाकडे पाहिलं. तिथे नुसताच आटे पाडलेला खुंट बाहेर आला होता.

“चक कुठे आहे?” तुकडा पकडून फिरवणारा जबडा म्हणजे चक. त्याच्याविना लेथ म्हणजे नुसती हातगाडी.

थोरल्यांनी भुवईने भिंत दाखवली. “तिकडे. चक तिकडे, आटे पाडायचे गिअर तिकडे. यंत्र माझ्या वाटणीला आलं, त्याचं सामान त्याच्या.”

“अशी कशी वाटणी?”

“आमच्या मामांनी केली,” थोरले म्हणाले. “त्यांना वाटलं, एकाचं दुसऱ्यावाचून अडेल. आठ दिवसांत येतील एकत्र. आम्ही दोघांनी नवीन घेतलं.”

हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. फार पूर्वी झालेल्या दुखण्याबद्दल माणूस बोलतो तसं ते बोलले. भांडण कशावरून झालं ते सिस्टरांनी विचारलं नाही. दवाखान्यात त्यांनी पाहिलं होतं, जुन्या जखमेचं कारण सांगायला लागलं की माणूस ती पुन्हा उघडून दाखवतो.

त्या वळसा घालून मागच्या रस्त्याने धाकट्यांकडे गेल्या. धाकटे अंगाने जाड, बोलायला मोकळे. त्यांनी स्टूल पुसून दिलं, चहा मागवला. भिंतीवर खिळ्यांना ते गिअर टांगलेले होते, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने, तेलाचा हात फिरवलेले, एकाही दातावर धूळ नाही. चक लाकडी खोक्यात फडक्यात गुंडाळलेला.

“विकायचे नाहीत,” धाकटे हसतमुखाने म्हणाले.

“पण तुमच्या कुठल्याच मशीनला ते बसत नाहीत ना?”

“नाही बसत.”

“मग तुम्हाला त्यांचा उपयोग काय?”

“उपयोग असता तर विकलेही असते, सिस्टर. उपयोगाच्या वस्तूचं काय, एक गेली की दुसरी आणता येते.”

सिस्टरांनी चहा संपवला, कप विसळून ठेवला आणि घरी आल्या. दोन दिवस विचार केला आणि चकावाचूनच लेथ घेऊन टाकला.

“म्हणजे शिलाई मशीन आपल्याकडे,” प्रूफवाले म्हणाले, “आणि सुई शेजारणीकडे.”

“शेजारीण देईल कधीतरी.”

“तोंड बघा तुमचं. आत्ताच दिली असल्यासारखं झालंय.”

लेथ घरी आला तो दिवस गल्लीच्या लक्षात राहिला. टेम्पोतून तो फळ्यांवरून उतरवला आणि खाली लोखंडी नळ्या टाकून त्यांच्यावरून ढकलत दारापर्यंत आणला. मागची नळी काढायची, पुढे नेऊन ठेवायची, पुन्हा ढकलायचं. थोरले स्वतः आले होते. ते हात लावत नव्हते, नुसते “दमानं, दमानं” म्हणत बाजूने चालत होते. मागच्या खोलीच्या दारात लेथ अडला. चौकट बोटभर अरुंद पडली. सगळे एकमेकांकडे बघत राहिले. तेवढ्यात प्रूफवाले आत गेले, हातोडी आणि पटाशी घेऊन आले आणि त्यांनी चौकटीची एक बाजू शांतपणे उचकटून काढली. घरात कधी खिळाही न ठोकलेला नवरा चौकट उखडतोय हे बघून सिस्टर पुढे झाल्या आणि खाली पडलेले खिळे वेचू लागल्या. “लेखनात जागा कमी पडली की आपण समास कमी करतो,” प्रूफवाले घाम पुसत म्हणाले.

लेथ समपातळीत बसवायला थोरले बुधवारी आले, कारण बुधवारी त्यांच्या शेडची वीज बंद असे. मोटार जोडायला पुढच्या बुधवारी आले. त्यानंतरच्या बुधवारी काही काम नव्हतं तरी आले. सायकल फाटकाशी लावायची, आत येऊन लेथच्या पाठीवर हात ठेवून उभं राहायचं, चहा घ्यायचा, जायचं. एकदा म्हणाले, “वडील मला हँडलजवळ उभं करायचे आणि त्याला तेलाची कुपी द्यायचे. तो एवढासा होता. खोक्यावर चढायचा.” मग पुढे काही नाही.

इथे सिस्टरांच्या डोक्यात ती कल्पना आली. त्यांचा हेतू चांगला होता, यात शंका नाही. त्यांनी धाकट्यांना निरोप धाडला: गिअर विकू नका, पण नवीन करून घ्यायचे तर मापं लागतील, एखादा नमुना घेऊन बुधवारी याल का? थोरले बुधवारी येतात हे त्यात नव्हतं. प्रूफवाल्यांनाही सांगितलं नाही, आणि तेवढ्यावरून आपण काहीतरी चोरटं करतोय हे त्यांचं त्यांनाच कळायला हवं होतं.

धाकटे आले ते हातात पिशवी घेऊन, हसत. फाटकाशी त्यांचं पाऊल थबकलं. तिथे लावलेल्या थोरल्यांच्या सायकलचा स्टँड त्यांनीच कधीकाळी घडवला होता. त्यांनी सायकलकडे पाहिलं, दारात उभ्या सिस्टरांकडे पाहिलं. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू पुसलं गेलं.

“सिस्टर, तुम्ही हे बरं नाही केलंत,” ते हलक्या आवाजात म्हणाले, आणि पिशवी तशीच घेऊन वळले.

आतल्या खोलीत थोरले एक बोल्ट आवळत होते. आवाज त्यांनी ऐकला होता. बोल्ट आवळून झाला तरी पान्हा काही वेळ त्यांच्या हातात राहिला. मग त्यांनी तो जागेवर ठेवला, हात पुसले.

“मामांनीही हेच केलं होतं,” ते म्हणाले. चहाला थांबले नाहीत.

सिस्टर मागच्या खोलीत स्टुलावर बसून राहिल्या. ऑपरेशन फसल्यावर सर्जन चिडायचे, आदळआपट करायचे. सिस्टर तेव्हा हत्यारं मोजून घ्यायच्या. आता मोजायला काही नव्हतं. संध्याकाळी त्यांनी सगळं नवऱ्याला सांगितलं. प्रूफवाल्यांनी चष्मा काढून पुसला.

“एक विचारू? ऑपरेशनच्या आधी पेशंटची सही घेतात ना?”

“घेतात.”

“मग झालं,” ते म्हणाले, आणि पुन्हा वर्तमानपत्रात शिरले.

ते वाक्य सिस्टरांना रात्रभर टोचलं. सकाळी त्या आधी थोरल्यांकडे गेल्या. “माझं चुकलं,” म्हणाल्या. थोरले म्हणाले, “बुधवारी येईन,” आणि चालू यंत्राकडे वळले. मग त्या वळसा घालून धाकट्यांकडे गेल्या. तिथे इतकं सोपं नव्हतं. या वेळी स्टूल पुसलं गेलं नाही.

“मी तुम्हाला फसवून बोलावलं,” सिस्टर उभ्या उभ्याच म्हणाल्या. “तुमच्या घरच्या गोष्टीत नाक खुपसायचं मला कारण नव्हतं. तुमचे गिअर मला नकोत, चकही नको. मी बाजारातून दुसरा चक घेतलाय. एवढंच सांगायला आले.”

धाकटे कानशीने एका तुकड्याची कड मारत होते. बराच वेळ मारत राहिले. सिस्टर जायला वळल्या तेव्हा म्हणाले, “बाजारचा चक त्याला बसायचा नाही.”

“का?”

“त्या खुंटाचे आटे कंपनीचे नाहीत. एकदा खराब झाले होते, तेव्हा वडिलांनी हाताने पुन्हा पाडले. कुठल्याच मापात बसत नाहीत. मध्ये एक थाळी लागेल. मागून त्या आट्यांवर चढणारी, पुढून तुमचा चक धरणारी.”

“मग थोरल्यांना सांगते, करून देतील.”

धाकट्यांची कानस थांबली. “आतले आटे पाडताना त्याला घाई होते. पहिल्यापासून. बाहेरचे नंबर एक पाडतो, आतले सैल होतात.” मग म्हणाले, “मी देतो करून. ओतीव बिडाचा तुकडा आहे माझ्याकडे. पण तिचं तोंड तुमच्याकडे येऊनच साफ करावं लागेल. ज्या यंत्रावर बसवायची, त्याच यंत्रावर शेवटचा हात फिरला पाहिजे, नाहीतर चक वाकडा फिरतो.”

“थोरले बुधवारी असतात,” सिस्टर लगेच म्हणाल्या. “दुपारी. तुम्ही बुधवार सोडून कधीही या. मी घरीच असते.”

धाकट्यांनी मान डोलावली आणि कानस पुन्हा चालू केली.

थोरल्यांनाही त्यांनी स्पष्ट सांगून ठेवलं की थाळी धाकटे करून देणार आहेत आणि ते बुधवार सोडून येतील. थोरले म्हणाले, “आतले आटे आहेत. त्यालाच करू दे.”

सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी दुपारी थोरले मोटारीचा पट्टा बघत होते, प्रूफवाले दाराच्या उखडलेल्या चौकटीत खुर्ची टाकून बसले होते. फाटक वाजलं. धाकटे आत आले. फाटकाजवळच्या सायकलवरून त्यांची नजर गेलीच असणार, पण ते थांबले नाहीत. खांद्यावर थाळीची पिशवी होती.

“सिस्टर, आज जमलं. आलो,” ते म्हणाले.

“या,” सिस्टर म्हणाल्या. याहून जास्त एक अक्षर बोलायचं नाही, असं त्यांनी जिभेला बजावलं.

मागची खोली आधीच लहान, त्यात तीन माणसं. थोरले लेथच्या एका टोकाला सरकले, धाकटे दुसऱ्या. धाकट्यांनी थाळी खुंटावर धरून फिरवली. ती सुरुवातीला सहज चढली, मग जरा जड झाली, आणि शेवटी अगदी अलगद टेकली. थोरले तिकडे बघत नव्हते, पण ती टेकल्याचा आवाज ऐकून त्यांची मान किंचित हलली.

“सिस्टर, त्यांना सांगा, पट्टा जास्त ताणू नका,” धाकटे म्हणाले.

सिस्टरांनी सांगितलं. हातभर अंतरावरच्या माणसाला.

“त्याला सांगा, सैल ठेवला तर घसरेल,” थोरले म्हणाले.

तेही सिस्टरांनी सांगितलं. चौकटीतून प्रूफवाले खाकरले.

“कोण फिरवणार?” थोरल्यांनी विचारलं.

धाकट्यांनी सिस्टरांकडे हात केला. “यंत्र त्यांचं आहे.”

सिस्टरांनी जुना थिएटरचा मास्क तोंडाला बांधला, कारण बिडाची पूड नाकात जाते. शाळेत त्यांनी लेथ चालवला होता, पण मास्तरांच्या देखरेखीत, आणि हा लेथ शाळेचा नव्हता. त्यांनी बटण दाबलं. थाळी फिरायला लागली. हत्याराचं टोक थाळीच्या काळ्या तोंडाला हलकेच टेकवलं. खसखस आवाज आला आणि बारीक काळी पूड खाली सांडू लागली. हँडल फिरवताना त्यांच्या लक्षात आलं की आपण श्वास रोखून धरलाय. त्यांनी तो सोडला. काळ्यातून करडी चकचकीत कड उमटत मध्याकडे सरकत गेली.

“हळू,” एका बाजूने थोरले म्हणाले.

“हळू काय, थांबू नका म्हणावं, मध्ये थांबलं की रेघ पडते,” दुसऱ्या बाजूने धाकटे म्हणाले.

“बिडाला हळूच लागतं.”

“तू पोलादाचं सांगतोयस.”

“मी बिडाचंच सांगतोय. तुला काय माहीत, तू खोक्यावरून पडायचास.”

एवढं झाल्यावर दोघंही गप्प झाले. मध्ये सिस्टरांचं नाव घ्यायचं राहून गेलंय, हे त्यांना एकदमच कळलं असावं. सिस्टर मान वर न करता हँडल फिरवत राहिल्या. थांबल्या असत्या तर खरंच रेघ पडली असती.

यंत्र थांबवल्यावर थोरल्यांनी खिशातून वाकडेपणा मोजायचं डायल काढलं, थाळीला लावलं आणि हाताने ती एकदा पूर्ण फिरवली. काटा जेमतेम हलला. “चालेल,” थोरले म्हणाले. “अजून एक हात घ्या, अगदी केसाएवढा,” धाकटे म्हणाले. सिस्टरांनी दोघांकडे पाहिलं, आणि अजून एक हात घेतला. तो त्यांना स्वतःलाच घ्यायचा होता.

भावांनी गळ्यात गळे घातले नाहीत. थोरले आधी निघाले. जाताना म्हणाले, “आटे बरोबर बसलेत,” आणि ते नेमकं कोणाला उद्देशून म्हणाले ते कळलं नाही, कारण तेव्हा ते पायात बूट चढवत होते. धाकटे मागे थांबले. त्यांनी झाडू मागून घेतला आणि लेथखालची काळी पूड कागदावर गोळा केली.

“तो दर बुधवारी येतो?”

“येतात.”

“काय करतो येऊन?”

“काही नाही. उभे राहतात, चहा घेतात.”

धाकटे कागदाची पुडी वळत बसले. सिस्टरांच्या ओठांवर आलं होतं, तुम्हीही येत जा. त्यांनी ते गिळलं.

“गिअर हवेत का तुम्हाला?” धाकट्यांनी शेवटी विचारलं. “विकत नाही देणार. वापरायला न्या.”

सिस्टरांनी विचार केला. “आत्ता नकोत,” त्या म्हणाल्या. “मला अजून दांडा सरळ कातता येत नाही. आटे पाडायला शिकले की मागेन.”

“बघा, मन बदलेल माझं.”

“बदललं तर बदललं.”

धाकटे हसले. पहिल्या दिवशी स्टूल पुसून देताना जसे हसले होते तसे नाही, जरा थकल्यासारखे. पुडी कचऱ्याच्या डब्यात टाकून ते गेले.

सिस्टरांनी नवा चक थाळीवर चढवला, पितळेचा एक दांडा त्यात धरला आणि यंत्र सुरू केलं. पितळेचा पिवळा कीस उडायला लागला. पहिला तुकडा एका टोकाला जाड आणि दुसऱ्याला बारीक झाला. त्यांनी तो मायक्रोमीटरने मोजला, नवऱ्याला दाखवला.

“छापण्यालायक नाही,” प्रूफवाले म्हणाले.

“नाहीच आहे,” सिस्टर म्हणाल्या, आणि दांडा पुन्हा चकात धरून लेथच्या शेपटाकडचा, दांड्याचं दुसरं टोक पेलणारा टेकू किती सरकवावा याचा अंदाज घेऊ लागल्या.